पडता चुंबक, जाड तांबं आणि शंभर अँपिअरची पल्स: घरी करता येईल असा प्रयोग

विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की सोलापुरातली मुलं चुंबकातून वीज करायला घेतात आणि बहुतेक सगळी एकाच वाटेने जातात. केसासारखी बारीक तार घ्यायची, हजार-दोन हजार वेढे मारायचे, आत चुंबक हलवायचा आणि एलईडी लुकलुकवायचा. प्रयोग चांगला आहे, पण त्यात व्होल्टेज मिळतं आणि करंट मिळतो तो काही मिलिअँपिअर. तोच चुंबक आणि तेवढंच तांबं वापरून व्होल्टेज एका व्होल्टच्या आत ठेवायचं आणि करंट पन्नास-शंभर अँपिअरपर्यंत न्यायचा, ही उलटी वाट फारसं कुणी धरत नाही. घरच्या 32 अँपिअरच्या एमसीबीतून पूर्ण भार असताना जेवढा करंट जातो त्याच्या तिप्पट, पण फक्त काही मिलिसेकंदांसाठी.

हा प्रयोग मला मनापासून आवडतो. यात मोठा चुंबक आणून काम भागत नाही. करंट ठरतो तो तांब्याच्या जाडीवर आणि सांध्यांच्या स्वच्छतेवर. हाताने नीट काम करणाऱ्या मुलाला त्याचं फळ आकड्यांत दिसतं.

आधी हिशेब, मग हत्यारं

मायकेल फॅरेडेने 17 ऑक्टोबर 1831 रोजी तारेच्या पोकळ गुंडाळीत पट्टीचुंबक झपकन आत ढकलला आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला. आपण तेच करणार आहोत, फक्त चुंबक हाताने न ढकलता पाइपमधून सोडून द्यायचा. हात दर वेळी वेगळ्या वेगाने चालतो, गुरुत्वाकर्षण मात्र रोज सारखंच. एक मीटर पडलेल्या वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे 4.4 मीटर असतो.

कॉइलमधून जाणारा चुंबकीय फ्लक्स, म्हणजे तिच्या वेढ्यांतून आरपार जाणारं एकूण चुंबकत्व, जितक्या झपाट्याने बदलतो, तितकं व्होल्टेज निर्माण होतं. पण करंटच्या दृष्टीने त्याहून कामाची एक गोष्ट आहे. एका पल्समध्ये वाहणारा एकूण विद्युतभार म्हणजे फ्लक्समधला बदल गुणिले वेढे, भागिले सर्किटचा एकूण रोध. या सूत्रात वेग कुठेच नाही. चुंबक हळू न्या की जोरात न्या, भार तेवढाच वाहतो. जोरात नेला तर तो कमी वेळात वाहतो, म्हणून करंटचं शिखर उंच होतं. शिखर वाढवायचे मार्ग त्यामुळे दोनच उरतात: वेग वाढवणं आणि रोध कमी करणं. वेग दुप्पट करायला उंची चौपट लागते, आणि चार मीटरचा पाइप शाळेच्या वर्गात उभा राहत नाही. रोध दहापट कमी करणं मात्र आपल्या हातात आहे.

दुसरा हिशेब ऊर्जेचा. लेंझचा नियम सांगतो की कॉइलमधला करंट चुंबकाला विरोध करतो. हा विरोध कागदावरचा नाही. पुढे सांगितलेल्या मापाच्या कॉइलमध्ये तो सुमारे 12 न्यूटन भरतो, म्हणजे जवळजवळ सव्वा किलो वजनाइतका धक्का, आणि तो 74 ग्रॅमच्या चुंबकांवर बसतो. नुसते चुंबक टाकले तर एक मीटर पडून त्यांच्यात जमलेली ऊर्जा असते फक्त 0.7 ज्यूल, आणि पहिली पल्सच तिचा तिसरा हिस्सा खाते. चुंबक मंदावतो, शिखर खाली बसतं. म्हणून चुंबकाला वजन जोडायचं. फ्लक्स चुंबकाने द्यायचा आणि ऊर्जा पितळाने, अशी ही वाटणी आहे.

सामान

25 मिलिमीटर व्यासाचे, 10 मिलिमीटर जाडीचे एन-42 दर्जाचे दोन निओडिमियम चुंबक लागतील. ते ऑनलाइन सहज मिळतात. एकच चुंबक का नको, तर 25 बाय 10 च्या चकतीचा कर्ण 27 मिलिमीटरच्या आत येतो आणि 28 मिलिमीटर आतला व्यास असलेल्या पाइपमध्ये ती गिरकी घेऊ शकते. चुंबक आडवा होऊन कॉइलमधून गेला की पल्सचा आकार पार बिघडतो. दोन चकत्या एकावर एक चिकटवल्या की ही भीती जाते.

बाहेरून 32 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप साधारण सव्वा मीटर घ्या. पाइपची जाडी कंपनीप्रमाणे आणि दर्जाप्रमाणे बदलते, म्हणून दुकानात जाताना चुंबक खिशात घेऊन जा आणि तो आतून मोकळा सरकतो ना ते तिथेच पाहा. धातूचा पाइप अजिबात नको. तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपमध्ये भोवरा प्रवाह तयार होतात आणि चुंबक तरंगत उतरावा तसा सावकाश येतो. बघायला छान, पण इथे घातक.

25 मिलिमीटर व्यासाच्या पितळी सळईचा 50 मिलिमीटर तुकडा लागेल. त्याचं वजन साधारण 200 ग्रॅम भरतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडे असा तुकडा काही मिनिटांत कापून, कडा मारून मिळतो. घेताना चुंबक लावून बघा. चिकटला तर त्यात लोखंड आहे, तो घेऊ नका.

आता तार. इथे सोलापूरकरांना दुसऱ्या गावांपेक्षा सोपं जातं. पूर्व भागात यंत्रमागांच्या मोटारी भरून देणारी दुकानं आहेत आणि वाइंडिंगची तार तिथे किलोवर मिळते. 14 गेजची एनॅमल तार मागा. तिचा व्यास 2 मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त आणि छेद सव्वातीन चौरस मिलिमीटर असतो. आपल्याला तीन मीटर पुरते, वजनात शंभर ग्रॅमच्या आत. मोटारीत एवढी जाड तार क्वचितच भरतात, तेव्हा आधी विचारून जा. भरलेल्या मोटारीतून काढलेली जुनी तार स्वस्त मिळेल, पण तिचं एनॅमल वाकताना तडकतं आणि दोन वेढे आतल्या आत चिकटले की कॉइलचा उपयोग संपला. नवीच घ्या.

बाकी किरकोळ: तांब्याच्या थिंबल (तारेच्या टोकावर दाबून बसवायच्या, बोल्टसाठी भोक असलेल्या टोप्या), 6 मिलिमीटरचे पितळी नट-बोल्ट, तांब्याच्या पट्टीचे दोन तुकडे, 100 अँपिअरला 75 मिलिव्होल्ट देणारा शंट (करंट मोजण्यासाठीचा, अगदी कमी आणि नेमक्या रोधाचा तुकडा), पॉलिश पेपर, अराल्डाइट आणि एक प्लास्टिकची बादली चिंध्यांनी भरून. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या या गावात चिंध्या कुठे मिळतील ते सांगायला नको.

चुंबक हाताळताना

हे चुंबक खेळण्यातले नाहीत. दोघांमधली ओढ दहा किलोहून जास्त असते आणि मध्ये बोट सापडलं तर कातडी फाटते. जोडताना एक चुंबक लाकडी टेबलावर ठेवून दुसरा बाजूने सरकवत आणा, वरून सोडू नका. आपटले तर कपचे उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी या टेबलाजवळ येऊ नये. लहान मुलांच्या हाती चुंबक देऊ नका. पोटात गेलेले दोन चुंबक आतड्याला चिमटा घेतात आणि थेट ऑपरेशनची वेळ येते.

विजेच्या झटक्याची मात्र इथे भीती नाही. व्होल्टेज एका व्होल्टच्या आसपास राहतं. कॉइल तापतही नाही. एका पल्सची ऊर्जा अर्ध्या ज्यूलच्याही आत असते आणि सत्तर-ऐंशी ग्रॅम तांब्याला एक अंश तापवायला सुमारे 30 ज्यूल लागतात. घरातल्या प्लगशी या प्रयोगाचा कुठेही संबंध आणायचा नाही, एवढं पाळलं की पुरे.

कॉइल: एकच गुंडाळी, तीन जोडण्या

सलग 20 वेढे मारू नका. चार तारा एकत्र हातात धरून 5 वेढे मारा. त्यामुळे आठ टोकं मिळतील आणि तीच कॉइल पुढे तीन प्रकारे जोडता येईल: चारही तारा सिरीजमध्ये म्हणजे 20 वेढे, दोन-दोन समांतर म्हणजे 10 वेढे, चारही समांतर म्हणजे 5 वेढे. तांबं तेच, जागा तीच, चुंबक तोच. तुलना स्वच्छ होते आणि प्रयोगाचा सगळा अर्थ या तुलनेतच आहे.

गुंडाळी पाइपवरच करा, वरच्या टोकापासून सुमारे 105 सेंटिमीटरवर, म्हणजे खाली वीसेक सेंटिमीटर पाइप उरेल. 14 गेजची तार ताठ असते, ओढून बसवताना पाइप चेपतो. म्हणून आत लाकडी दांडा घाला. जाड पुठ्ठ्याच्या दोन चकत्या 15 मिलिमीटर अंतरावर चिकटवा आणि त्यांच्यामध्ये तीन थरांत तारा बसवा. थर सात-सात-सहा असा बसतो. वेढ्यांची दिशा चारही तारांची अर्थातच एक येईल, पण टोकांना लगेच खुणा करा: सुरुवातीला क1, क2, क3, क4 आणि शेवटाला ख1 ते ख4. कुठल्या क चा कुठला ख हे मल्टिमीटरने आताच तपासून घ्या. एक तार उलटी जोडली गेली तर ती बाकीच्यांचं व्होल्टेज खाते.

टोकं फार लांब ठेवू नका, पाच सेंटिमीटर पुष्कळ. या तारेचा रोध मीटरला 5.3 मिलिओहम आहे आणि लोंबणारी प्रत्येक वीत करंट कमी करते. गुंडाळी झाली की वार्निश किंवा अराल्डाइट लावून घट्ट करा. पल्सच्या वेळी तारा एकमेकींना ओढतात आणि सैल वेढा हलतो.

सांधे: इथेच सगळं ठरतं

मगरक्लिप आणि लाल-काळ्या बारीक वायरी खोक्यात परत ठेवून द्या. तसल्या एका वायरीचा क्लिपांसकट रोध आपल्या अख्ख्या कॉइलच्या कितीतरी पट असू शकतो.

तारेच्या टोकावरचं एनॅमल चारही बाजूंनी खरवडायचं. आधी ब्लेड, मग पॉलिश पेपर. वरून तांबूस दिसणारी तार खालच्या बाजूने अजून एनॅमलमध्येच असते, म्हणून ती बोटांत फिरवून उजेडात बघा. पूर्ण गुलाबी तांबं दिसलं की लगेच कथील चढवा, कारण उघडं तांबं हवेत काळवंडतं. मग थिंबल घालून दाबा आणि वर डाग द्या. थिंबल तांब्याच्या पट्टीवर बोल्टने कसा. पट्टीही त्याच वेळी घासून चकचकीत करा, काल घासलेली आज चालणार नाही. थिंबल थेट पट्टीला टेकली पाहिजे. वॉशर दोघांच्या मध्ये नसावा, तो बोल्टच्या डोक्याखाली असतो. वाइंडिंगच्या दुकानातला कारागीर हे काम डोळे मिटून करतो, त्याच्या शेजारी बसून एकदा बघा. पुस्तकात वाचून ही सफाई येत नाही.

मिलिओहम मोजायचा कसा

साधा मल्टिमीटर ओहमच्या रेंजवर ठेवलात तर त्याच्या प्रोबचाच रोध 0.2 ओहमच्या आसपास येतो. आपल्याला त्याच्या शंभराव्या भागापर्यंत जायचं आहे. त्यावर सोपा उपाय आहे. मोटारसायकलची 12 व्होल्टची बॅटरी, 5 अँपिअरचा फ्यूज आणि 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब कॉइलच्या सिरीजमध्ये जोडा. बल्ब करंटला सुमारे 1.75 अँपिअरवर धरून ठेवतो. नेमका आकडा मल्टिमीटरच्या 10 अँपिअर रेंजवर मोजून लिहून घ्या. मग मीटर 200 मिलिव्होल्टवर घेऊन प्रोबची टोकं कॉइलच्या दोन टोकांवर टेकवा, करंट ज्या बोल्टमधून आत जातो त्याच्या आतल्या बाजूला. मिलिव्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे मिलिओहम. चारही तारा सिरीजमध्ये असताना 26 मिलिव्होल्टच्या जवळपास आकडा आला तर रोध 15 मिलिओहम आहे आणि काम बरोबर झालं आहे.

आता त्याच प्रोब प्रत्येक सांध्याच्या अलीकडे-पलीकडे टेकवा. चांगल्या सांध्यावर मीटर 0.0 ते 0.2 मिलिव्होल्ट दाखवतो. 2 मिलिव्होल्ट दिसले तर तो सांधा एकटाच 1 मिलिओहमपेक्षा जास्त आहे. उघडा, घासा, पुन्हा कसा. या पायरीला घाई करू नका.

हे मोजमाप सोलापुरात सकाळी करा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. हिवाळ्यातल्या सकाळी 20 अंशांना घेतलेला आकडा मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, 42 अंशांना, आठ-नऊ टक्क्यांनी वेगळा येईल. चुंबकांची काळजीही उन्हाळ्यातच जास्त घ्यावी लागते. साध्या एन दर्जाचा निओडिमियम 80 अंशांच्या पुढे कायमचा कमकुवत होत जातो. उन्हात लावलेल्या गाडीत ते ठेवू नका.

पाडणं

चुंबकांची जोडी पितळाच्या एका टोकाला अराल्डाइटने चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. चिकटवण्याआधी चुंबकाचं निकेल पॉलिश पेपरने किंचित खरबरीत करा, नाहीतर पकड येत नाही. पाइपमध्ये सोडताना पितळ खाली आणि चुंबक वर हवा. तळाचा आघात पितळाने घ्यायचा, चुंबक ठिसूळ असतात.

पाइप लाकडी स्टँडला उभा बांधा. लोखंडी टेबल, खिडकीचे गज, कपाट यांपासून दूर, दोन फूट तरी. खालचं तोंड उघडं राहिलं पाहिजे, म्हणजे आतली हवा कोंडणार नाही. त्याच्याखाली चिंध्यांची बादली. वरच्या टोकाजवळ पाइपला आरपार भोक पाडून त्यात लाकडी काडी घाला, तिच्यावर वजन टेकवा आणि काडी झटकन ओढा. लोखंडी खिळा वापरलात तर तो चुंबकाला चिकटतो आणि सुरुवात दर वेळी वेगळी होते.

पल्स पकडणं

पल्स सहा-सात मिलिसेकंदांत येऊन जाते. मल्टिमीटर किंवा साधा क्लॅम्प मीटर तिला पाहूच शकत नाही. कॉलेजच्या लॅबमधला डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख पडद्यावर काढून धरून ठेवणारा स्कोप, सगळ्यात बरा. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत तो असतो आणि शाळेच्या पत्रावर प्राध्यापक सहसा नाही म्हणत नाहीत.

आधी कॉइल उघडी ठेवून, 20 वेढ्यांच्या जोडणीत, थेट तिचं व्होल्टेज बघा. शिखर 0.9 व्होल्टच्या आसपास यायला हवं. पडद्यावर दोन उंचवटे दिसतात: चुंबक आत येताना एका बाजूचा, बाहेर जाताना उलट्या बाजूचा. दुसरा किंचित उंच असतो, कारण चुंबक अजून वेग घेत असतो. आता काडी खाली घेऊन 25 सेंटिमीटरवरून सोडा. शिखर निम्मं होईल, रुंदी दुप्पट होईल, आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ तेवढंच राहील. सुरुवातीला सांगितलेला भाराचा नियम इथे पडद्यावर उमटलेला दिसतो. मुलांना हे स्वतः चौकोन मोजून काढू द्या.

मग सर्किट शंटमधून बंद करा. स्कोपचा प्रोब शंटच्या दोन लहान स्क्रूंवर लावायचा, मोठ्या बोल्टवर नाही. स्केल 10 मिलिव्होल्ट, वेळ 5 मिलिसेकंद, ट्रिगर सिंगल, म्हणजे एक पल्स पकडून पडदा थांबतो. प्रोबच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून घ्या. मोकळ्या तारांचा फास चुंबकाजवळ राहिला तर त्यातच व्होल्टेज निर्माण होतं आणि ते तुम्ही करंट समजून वाचता. खात्री करायची असेल तर प्रोबची दोन्ही टोकं शंटच्या एकाच स्क्रूला लावून चुंबक सोडा. रेषा सपाट राहिली पाहिजे.

शंटचा रोध 0.75 मिलिओहम, म्हणून वाचलेले मिलिव्होल्ट 0.75 ने भागले की अँपिअर. पितळ न जोडता नुसते दोन चुंबक टाकून बघितलंत तर एक सुंदर फरक दिसेल. उघड्या कॉइलमध्ये दुसरा उंचवटा उंच होता, बंद सर्किटमध्ये दुसरा ठळकपणे ठेंगणा होतो, कारण पहिल्याने चुंबकाचा वेग खाल्लेला असतो. लेंझचा नियम इतक्या सरळपणे दाखवणारा दुसरा आलेख मला तरी माहीत नाही.

स्कोप नसेल तर आर्डुइनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरही काम होतं. आतला 1.1 व्होल्टचा संदर्भ निवडला की एक पायरी साधारण 1 मिलिव्होल्टची पडते आणि एक वाचन सुमारे 0.1 मिलिसेकंदात होतं. 40 मिलिव्होल्टची पल्स चाळीसेक पायऱ्यांत दिसते. आलेख खडबडीत येतो, शिखर मात्र कळतं. उलटी पल्स त्याला चालत नाही, तेवढ्यासाठी दोन रोधकांनी अर्ध्या व्होल्टचा आधार द्या.

तीन जोडण्यांचे तीन आकडे

शंट, सांधे आणि पट्ट्या मिळून 1.25 मिलिओहम धरू. पितळ जोडलेलं आहे, म्हणून वेग फारसा घटत नाही.

20 वेढ्यांना व्होल्टेज 0.9, एकूण रोध 16 मिलिओहमच्या थोडा वर, करंट सुमारे 55 अँपिअर. 10 वेढ्यांना व्होल्टेज निम्मं झालं, पण कॉइलचा रोध चौथ्या हिश्शावर आला. वेढे निम्मे आणि जाडी दुप्पट, दोन्हींचा फायदा. एकूण 5 मिलिओहम, करंट 85 ते 90. आता 5 वेढे. कॉइलचा रोध आणखी चौथाई होऊन 1 मिलिओहमच्याही खाली गेला, तेव्हा करंट पुन्हा तसाच उसळायला हवा. तो जातो फक्त 100 च्या आसपास. कारण शंट आणि सांधे आपले 1.25 वरच बसले आहेत आणि आता सर्किटमधला मोठा भाग तेच आहेत.

सांधे कच्चे राहिले आणि त्यांचे 5 मिलिओहम झाले तर काय होतं ते तर बघाच. 5 वेढ्यांची जाड कॉइल 35 अँपिअरच्या खाली घसरते आणि 20 वेढ्यांची 40 च्या वर राहते. म्हणजे जितकी जाड कॉइल, तितकी ती सांध्यांच्या बाबतीत नाजूक. मुलं जाड तार आणून निराश होतात ती इथेच. चुंबक बदलण्याआधी बोल्ट उघडून बघा.

मोजलेले आकडे हिशेबापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी येतील. थोडा वेग घर्षणात जातो आणि थोडी उंची कॉइलच्या इंडक्टन्समुळे, म्हणजे करंटच्या बदलाला कॉइल स्वतः करते त्या विरोधामुळे, बोथट होते. 20 वेढ्यांच्या जोडणीत इंडक्टन्स साधारण 12 मायक्रोहेन्री आहे, त्यामुळे करंट व्होल्टेजच्या पाऊणेक मिलिसेकंद मागे राहतो. सहा-सात मिलिसेकंदांच्या पल्समध्ये हे चालून जातं. निम्म्याहून कमी आकडा आला तर मात्र दोष सांध्यात आहे किंवा एक तार उलटी जोडली गेली आहे. उघड्या कॉइलचं व्होल्टेज बरोबर येत असेल तर सांधा, तेच निम्मं येत असेल तर तार.

प्रदर्शनात लोकांना दिसेल असं

परीक्षकांना स्कोपवरची रेषा दाखवली तर ते मान डोलावतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. डोळ्यांना उजेड दिसला पाहिजे. पण 5 वेढ्यांच्या कॉइलचं व्होल्टेज पाव व्होल्टही नसतं आणि लाल एलईडीला 1.8 व्होल्ट लागतात. इथे करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी, कामाला येते. ऊर्जा मोजण्याच्या प्रकल्पांसाठी मिळणारी, मधून उघडून तारेभोवती बंद करता येणारी सीटी घ्या, 100 अँपिअरला 50 मिलिअँपिअर देणारी. व्होल्टेज देणारा प्रकार नको, त्याच्या आत रोधक बसवलेला असतो. सर्किटची एक जाड पट्टी किंवा तार सीटीच्या गाळ्यातून जाऊ द्या आणि सीटीच्या दोन वायरींना एक लाल आणि एक हिरवा एलईडी उलटसुलट समांतर जोडा.

सर्किट कुठेही तोडलेलं नाही आणि रोधही वाढत नाही. सीटीत 2000 वेढे आहेत, म्हणून एलईडीचे 2 व्होल्ट मुख्य सर्किटला फक्त 1 मिलिव्होल्टचा भार वाटतात. चुंबक सोडला की आत जाताना लाल चमकतो, बाहेर पडताना हिरवा. इतक्या पटकन की डोळ्याला दोन्ही एकदम लागल्यासारखे वाटतात. मोबाइलचा स्लो-मोशन व्हिडिओ घेतला की क्रम वेगळा दिसतो. मग सगळ्यांच्या समोर एक बोल्ट अर्धा फेरा सैल करा आणि पुन्हा सोडा. एलईडी मलूल होतात किंवा लागतच नाहीत. माझ्या मते या टेबलावर दाखवण्यासारखी ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

"याने मोबाइल चार्ज होईल का?"

हा प्रश्न येणारच, आणि फुकट विजेचे व्हिडिओ पाहिलेली मुलं तो फार आशेने विचारतात. त्यांना हिशेब द्या. एका वेळी पडणाऱ्या वजनात सगळी मिळून सुमारे 2.7 ज्यूल ऊर्जा असते. मोबाइलच्या 15 वॅट-तासांच्या बॅटरीत 54,000 ज्यूल मावतात. काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी वजन 20,000 वेळा उचलून सोडावं लागेल, आणि ते उचलणारे आपणच. चुंबक ऊर्जा देत नाही, हाताने वजन वर नेताना खर्चलेली ऊर्जा तो तांब्यात पोचवतो.

मोठा करंट थोड्या वेळासाठी हवा असेल तर ऊर्जा आधी सावकाश साठवायची आणि मग एकदम काढायची, हीच पद्धत मोठ्या यंत्रांतही असते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विद्यापीठात, कॅनबेरामध्ये, मार्क ऑलिफंट यांच्या पुढाकाराने बांधलेला होमोपोलर जनरेटर फिरत्या जड चकत्यांमध्ये 500 मेगाज्यूल ऊर्जा साठवायचा आणि दहा लाख अँपिअरच्या वरचा करंट द्यायचा. तिथे फिरणाऱ्या चकतीतून एवढा करंट बाहेर काढणारे सरकते संपर्क हे अभियंत्यांचं मोठं काम होतं. आपल्या टेबलावर बोल्ट आहेत, तिथे ब्रश होते.

घरच्या पातळीवर पुढची पायरी हवी असेल तर जुन्या लुना किंवा स्कूटरचा मॅग्नेटो उघडून बघा. फिरणाऱ्या फ्लायव्हीलमध्ये चुंबक आणि स्थिर कॉइल, मांडणी हीच. पण स्वतः चाकावर चुंबक चिकटवून ते मोटारीने फिरवायच्या फंदात पडू नका. वेगात सुटलेला निओडिमियम गोळीसारखा जातो. वर्गात पडता चुंबकच बरा.

दुसरी सुरक्षित पायरी म्हणजे त्याच पाइपवर, पहिल्या कॉइलच्या वर दहा सेंटिमीटरवर, तशीच दुसरी कॉइल. तिला वेगळा शंट द्या आणि स्कोपच्या दुसऱ्या चॅनेलवर घ्या. दोन पल्समधल्या अंतरावरून वजनाचा खरा वेग निघतो. मग वरची कॉइल एकदा उघडी ठेवून आणि एकदा बंद करून खालच्या कॉइलचं शिखर ताडून पाहिलं की वरच्या कॉइलने किती ऊर्जा काढून घेतली ते थेट हाती येतं. हे करताना दोन्ही कॉइलचे सांधे एकाच दिवशी, एकाच पॉलिश पेपरने घासा, नाहीतर फरक चुंबकाचा की बोल्टचा हे कळणार नाही.